भिंतीतला आवाज

आज ताईच्या पोराला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. वय 12. चार महिने झाले, भिंतीतून कुणीतरी शिव्या देतंय म्हणतो. अभ्यास सुटला, मित्र तुटले. आधी गाणगापूर झालं. तेव्हा मीही गप्पच बसलो, खोटं कशाला बोलू!

डॉक्टर म्हणाले, वयाच्या 13 वर्षांआधी स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं असा मानसिक आजार, फार दुर्मीळ, म्हणून घाईनं शिक्का मारायचा नाही. आधी फिट्स, झोप, मेंदूचे इतर आजार तपासायचे. लहानपणीचा काल्पनिक मित्र वेगळा. तो खेळायला येतो, असा छळत नाही.

ताईनं हळूच विचारलं, "माझंच काही चुकलं का?"

"नाही. आईबापाच्या वागण्यानं हा आजार होत नाही."

ताई तिथंच रडली.

येताना सिद्धेश्वर तलावाकाठी थांबलो. पोरानं स्वतःहून भजी मागितली. दोन प्लेट संपवल्या पठ्ठ्यानं.