आयआरक्यू चार आणि मागच्या नमुन्याचं वजन

एका चाचणी प्रयोगशाळेतून आलेली तक्रार एका ओळीची होती: काट्यावरचं वजन कॉम्प्युटरमध्ये कधी येतं, कधी येत नाही. अशी तक्रार आली की बहुतेक वेळा केबलमधली एखादी तार तुटलेली निघते, नाहीतर कोणीतरी बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, बदलून ठेवलेला असतो. मी जुन्या मशीनना जोडलेल्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे टेस्टर, नल-मोडेम केबल आणि थोडे कनेक्टर पिशवीत असतातच. ते घेऊन त्या चाचणी प्रयोगशाळेत गेलो.

कॉम्प्युटर जुना, ४८६ प्रोसेसरचा होता, त्यावर डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम. नमुन्याचा बारकोड वाचायचा, नमुना काट्यावर ठेवायचा, आकडा स्थिरावला की काट्याचं प्रिंट बटण दाबायचं. वजन आपोआप त्या नमुन्याच्या ओळीत भरलं जातं. एवढंच काम, पण दिवसभर अखंड चालणारं. हा प्रोग्रॅम उपकरणाबरोबर आलेला, त्याचा सोर्स कोणाकडेच नाही. नवीन कॉम्प्युटर का घेत नाही, असं अशा ठिकाणी लोक सहज विचारतात. पण जे यंत्र वर्षानुवर्षं बरोबर चालतंय ते चालू ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही. फक्त त्याला नीट समजून घेणारं कोणीतरी हवं.

केबल चांगली निघाली. काटा माझ्या लॅपटॉपला जोडला, तर दर वेळी बटण दाबल्यावर पूर्ण ओळ येत होती: चिन्ह, आकडे, एकक आणि शेवटी ओळ बदलायची दोन अक्षरं, सगळी मिळून १४. बॉड रेट ९६००, दोन्हीकडे सारखाच. कॉम्प्युटरच्या पोर्टला लूपबॅक, म्हणजे पाठवलेलं त्यालाच परत देणारा प्लग, लावून पाहिलं, पोर्टही ठणठणीत. प्रत्येक गोष्ट एकटी असताना बरोबर चालत होती. हे कळल्यावर मी केबलचा विचार सोडून दिला.

तिथे काम करणाऱ्या ताई बाजूला उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. जरा संकोचानंच म्हणाल्या, "सांगू का, वजन अडकलं की मी माउस थोडा हलवते. मग येतं."

प्रोग्रॅम पूर्ण कीबोर्डवर चालणारा. पडद्यावर माउसचा बाणसुद्धा नाही. म्हणजे त्यांच्या सांगण्याला वरवर काहीच आधार नव्हता, आणि बहुधा म्हणूनच आधी कोणी ते मनावर घेतलं नव्हतं. मी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं. माउस कॉम-१ वर, म्हणजे पहिल्या सीरियल पोर्टवर. बारकोड वाचणारं यंत्र कॉम-२ वर. पूर्वी तिथे काटा असायचा, पण बारकोडची सोय केली तेव्हा त्याला तिथून हलवलं. काटा आता आतल्या आयएसए खाचेत नव्यानं बसवलेल्या कार्डावर, कॉम-३ म्हणून. दोष कुठे असणार ते त्या क्षणी जवळजवळ ठरलं, आणि ते ताईंच्या त्या एका वाक्यामुळे.

इथे थोडं मागे जावं लागेल. इंटरप्ट म्हणजे 'हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघ' अशी एखाद्या भागानं प्रोसेसरला मारलेली हाक. ती ज्या लाइनवरून जाते तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत इंटरप्ट सांभाळायला ८२५९ए ही एकच चिप होती, तिच्याकडे आठ लाइन. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये तशीच दुसरी चिप पहिलीच्या दोन नंबरच्या लाइनवर जोडली, म्हणून वापरायला पंधरा उरल्या. शून्य टायमरची, एक कीबोर्डची, सहा फ्लॉपीची, आठ घड्याळाची, चौदा हार्ड डिस्कची. सीरियल पोर्टच्या वाट्याला दोनच: कॉम-१ ला चार, कॉम-२ ला तीन. पुढे कॉम-३ आणि कॉम-४ आले तेव्हा त्यांना पत्ते वेगळे मिळाले, ३ई८ आणि २ई८, पण इंटरप्टची लाइन नवी मिळाली नाही. कॉम-३ पुन्हा चारवर, कॉम-४ पुन्हा तीनवर. एका वेळी एकच पोर्ट चालू असेल तर यानं काही बिघडत नाही. पोर्टच्या चिपमध्ये आउट-२ नावाचा एक बिट असतो. तो चालू केल्याशिवाय तिचा इंटरप्ट लाइनपर्यंत पोचतच नाही. भांडण लागतं ते दोन्ही पोर्टचे आउट-२ एकदम चालू झाल्यावर. इथे माउसचा ड्रायव्हर कॉम्प्युटर सुरू होतानाच चढत होता, आणि काट्याचा प्रोग्रॅम नंतर कॉम-३ उघडत होता.

आयएसएवर इंटरप्ट कळतो तो लाइन खालून वर जाते त्या क्षणी. दोन वेगवेगळी कार्डं एकाच लाइनला हात लावून बसली की एक तिला वर ढकलतं आणि दुसरं, स्वतःकडे काही काम नसल्यामुळे, खाली धरून ठेवतं. त्या काळच्या टीटीएल चिपमध्ये खाली ओढण्याची ताकद वर ढकलण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. म्हणून साधारणपणे खाली ओढणारा जिंकतो. काटा हाक मारतो, माउसचा पोर्ट लाइन दाबून ठेवतो. माउस हलला की तो पोर्टही लाइन वर करतो, दोघं एकाच बाजूला येतात, आणि इंटरप्ट लागतो. प्रोग्रॅम आधी स्वतःच्या पोर्टमध्ये काही आलंय का ते बघतो आणि मग माउसच्या ड्रायव्हरकडे काम सोपवतो. त्यामुळे अडकलेलं वजन तेव्हाच उचललं जातं.

यातून "कधी येतं, कधी येत नाही" याचंही उत्तर मिळत होतं. नमुन्यांचा ट्रे टेबलावर ठेवताना माउसला धक्का लागला असेल, तर माउसचा पोर्ट आधीच लाइन वर करायच्या तयारीत बसलेला असतो, आणि पुढचं वजन पहिल्या झटक्यात येतं. माउस स्थिर असेल तर नाही.

हे सगळं तोपर्यंत माझ्या डोक्यातच होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना दाखवायला पुरावा हवा होता. डॉसबरोबर येणारं डीबग हे साधन अशा वेळी फार उपयोगी पडतं, कारण पोर्ट थेट वाचता येतात. मायक्रोसॉफ्टचं एमएसडी हे तपासणीचं साधन इंटरप्टची यादी दाखवतं खरं, पण आयएसए कार्डाला त्याचा जंपर, म्हणजे लाइन ठरवणारी छोटी टोपी, कुठे आहे ते विचारायची सोयच नसते, त्यामुळे त्या यादीवर मी विसंबत नाही. कॉम-३ ची चिप डीबगमधूनच हातानं तयार केली: वेग, फिफो (आलेली अक्षरं थांबायची रांग), इंटरप्ट, आउट-२. मग ८२५९ए मध्ये चार नंबरची लाइन झाकून टाकली, म्हणजे आलेली हाक लगेच कोणी उचलून नेणार नाही आणि ती चिपमध्ये उभी राहिलेली दिसेल.

मॅडमना म्हटलं, "आता प्रिंट दाबा, माउसला हात लावू नका." त्यांनी दाबलं. कॉम-३ च्या चिपचा स्थिती सांगणारा पत्ता ३ईडी वाचला: ६१. म्हणजे डेटा आलाय. इंटरप्टची स्थिती सांगणारा ३ईए वाचला: सी४. म्हणजे चिप इंटरप्ट मागतेय. मग ८२५९ए ला तिच्याकडे कोणत्या हाका उभ्या आहेत ते विचारलं. चार नंबरचा बिट शून्य. पोर्टची चिप हाक मारत होती आणि ती पुढे पोचतच नव्हती. मग माउस बोटानं किंचित ढकलला आणि पुन्हा वाचलं. चारचा बिट एक झाला होता. मॅडम खुर्ची ओढून पडद्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "परत करून दाखवा." परत केलं, तसंच झालं.

इथवर दोष फक्त त्रासदायक वाटत होता. मी ताईंना विचारलं, वजन आलं नाही आणि माउस हलवायचं लक्षात राहिलं नाही तर काय करता? त्या म्हणाल्या, "काट्यावर बघून हातानं भरते आणि पुढचा नमुना घेते. कधीकधी नंतर फॉरमॅट एरर येतो, तेव्हा परत प्रिंट दाबते."

फॉरमॅट एरर हे शब्द ऐकले आणि मला वेगळीच काळजी वाटायला लागली. नव्या कार्डावर १६५५०ए ही चिप होती. जुन्या ८२५० किंवा १६४५० मध्ये आलेलं एकच अक्षर थांबू शकतं. पुढचं आलं की आधीचं गेलं. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांचा फिफो असतो. एरवी मी या चिपची शिफारसच करतो, कारण वेगवान पोर्टवर अक्षरं गळत नाहीत. पण काट्याची ओळ होती १४ अक्षरांची. म्हणजे न उचललेलं एक संपूर्ण वजन, एकही अक्षर न हरवता, आत बसून राहू शकत होतं. पुढच्या नमुन्याला प्रिंट दाबलं की फिफोत फक्त दोन अक्षरांची जागा, बाकीची वाया. तेवढ्यात माउसला धक्का लागला की प्रोग्रॅमला आधी मिळणार मागच्या नमुन्याचं वजन, नीटनेटकं, बरोबर स्वरूपात. उरलेली दोन अक्षरं त्यानंतरच्या ओळीला चिकटणार आणि तिथे फॉरमॅट एरर येणार.

जुनी चिप असती तर एक अक्षर उरलं असतं, प्रोग्रॅमनं ते फेकलं असतं, आणि सगळ्यांना लगेच कळलं असतं की काहीतरी चुकतंय. इथे चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसत होता. माझ्या कामात मला याच प्रकारची सर्वांत जास्त धास्ती वाटते.

लगेच करून पाहिलं. प्रोग्रॅम सुरू केला, चाचणीच्या ओळी उघडल्या. शंभर ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवलं, प्रिंट दाबलं, आलं नाही, हातानं भरलं. पुढची ओळ, काट्यावर वीस ग्रॅम, प्रिंट दाबलं, माउस हलवला. वीसच्या ओळीत १०० आले. तिसऱ्या ओळीला फॉरमॅट एरर.

मॅडमचा पहिला प्रश्न होता, "आणि आतापर्यंतच्या नोंदी?"

आधी दुरुस्ती उरकली, ती सोपी होती. कार्ड आठ बिटांचं, आखूड कडेचं, म्हणून दहा-अकरासारख्या वरच्या लाइन त्याला मिळणं शक्यच नव्हतं. जंपरला चारच जागा: तीन, चार, पाच, सात. तीन बारकोडकडे, सात प्रिंटरच्या पोर्टकडे. पाच सहसा दुसऱ्या प्रिंटर पोर्टकडे किंवा साउंड कार्डकडे जातो. इथे दोन्ही नव्हते. तरी प्रत्येक कार्ड बाहेर काढून जंपर डोळ्यांनी बघितले. मग काट्याच्या कार्डाचा जंपर पाचवर सरकवला आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये पत्ता ३ई८ तसाच ठेवून इंटरप्ट चारचा पाच केला. हे दोन्ही करावं लागतं. कॉम-३ निवडलं की प्रोग्रॅम स्वतःहून चार भरतो, आणि कार्डावरचा जंपर कुठे आहे हे त्याला कळायचा काही मार्ग नाही.

मॅडमनी विचारलं, माउसचा ड्रायव्हरच काढून टाकला तर? प्रश्न योग्य होता. पण त्याच कॉम्प्युटरवर आलेख काढायचा दुसरा प्रोग्रॅम माउसवर चालत होता, आणि कोणी ड्रायव्हर पुन्हा चढवला की हेच सगळं गुपचूप परत सुरू झालं असतं.

नव्या जागेवर, माउसला हात न लावता, वजनं ओळीनं येत राहिली. नंतर माउस मुद्दाम सतत फिरवत ठेवून पाहिलं. काही अडलं नाही.

नोंदींचं काम मात्र बराच वेळ चाललं. सुदैवानं हातानं भरलेल्या आकड्यापुढे प्रोग्रॅम एक खूण टाकतो. त्यामुळे शोधायचं काय ते ठरवता आलं: खूण असलेल्या ओळीच्या लगेच खालची ओळ, आणि तिच्यातलं वजन वरच्या हातानं भरलेल्या वजनाएवढंच आहे का. नवं कार्ड बसवल्या तारखेपासूनच्या नोंदी मॅडम आणि ताई दोघींनी मिळून चाळल्या. तशा ओळी सापडल्या. त्यांच्यातल्या काहींच्या पुढच्या नमुन्याला फॉरमॅट एररही नोंदलेला होता. राखून ठेवलेले नमुने काढून परत वजन केले, आणि त्या ओळींमधले आकडे खरोखरच मागच्या नमुन्याचे निघाले. मॅडमनी त्या नमुन्यांचे अहवाल मागे घेतले आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवायला काढले. मी कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला: कोणतं कार्ड, कोणता पत्ता, कोणता इंटरप्ट, जंपर कुठे. खाली तारीख घातली.