आमची वाटचाल : संत्र्याच्या सालीपासून सेलेनियमपर्यंत

सुरुवातीला आम्ही फक्त पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, काढायचो. नागपुरात संत्र्याच्या सालीला तोटा नाही. ज्यूसवाले ती फुकट द्यायचे, वर उचलून नेली म्हणून चहा पाजायचे. हिंगणा एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये साल धुवायची, आम्लाच्या गरम पाण्यात शिजवायची, गाळायची आणि स्पिरिट ओतून पेक्टिन खाली बसवायचं. आंबिया आणि मृग हे दोन बहार आटोपले की शेड रिकामी. जॅमवाल्यांना आमच्या मालाचा रंगही पसंत नव्हता. कर्जाचे हप्ते तेवढे बारमाही.

एक दिवस फार्मसीचे एक प्राध्यापक नमुना न्यायला आले आणि म्हणाले, "याला सेलेनियम जोडून द्याल का?" सेलेनियम म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं एक मूलद्रव्य. पेक्टिन म्हणजे वनस्पतीतलं पॉलिसॅकराइड, साखरेच्या रेणूंची लांब साखळी. तिची अँटिऑक्सिडंट ताकद, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्सना शांत करण्याची ताकद, बेताचीच. सेलेनियम जोडून ती वाढवायची, असा बेत. सौम्य नायट्रिक आम्लात सोडियम सेलेनाइट (सेलेनियमचा एक क्षार) घालून ७० अंशांवर ८ तास ठेवलं की साखळीवरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांना सेलेनियम धरतं. मग थंड करायचं, सोडियम कार्बोनेटने आम्ल मारायचं, डायलिसिस करायचं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं, आणि फ्रीज ड्रायरमध्ये वाळवायचं. सांगायला सोपं आहे.

सेलेनाइट विषारी, हे वाचून माहीत होतं. तरी पहिल्या काही दिवसांत मी ते मास्क न लावता तोललं. संध्याकाळी घरी आई म्हणाली, "लसूण खाल्ला काय रे? आज चतुर्थी आहे ना!" लसूण नव्हता, शरीरात गेलेलं सेलेनियम श्वासातून बाहेर पडत होतं. दुसऱ्याच दिवशी फ्यूम हूडची, म्हणजे विषारी वाफ नि धूळ ओढून घेणाऱ्या कपाटाची, ऑर्डर दिली. माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं, ४०० च्या वर धोका. म्हणून आमच्या प्रत्येक बाटलीवर ठळक लिहिलेलं असतं : फक्त प्रयोगासाठी, खाण्यासाठी नाही.

डायलिसिसने जेवढं रडवलं तेवढं कशानेच नाही. न जोडलेलं सेलेनाइट पिशवीतून निघून गेलं की नाही, हे पाहायला बाहेरच्या पाण्यात व्हिटॅमिन सी टाकतात. पाणी लाल झालं तर ते अजून शिल्लक आहे. तीन दिवस पाणी बदलत राहायचं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की पिशव्या नासायच्या, मग बर्फाच्या लाद्या आणायच्या. "भाऊ, अजून लालच येऊन राहिलं," हे वाक्य आमच्या पोऱ्याने किती रात्री ऐकवलं!

अँटिऑक्सिडंट ताकद मोजायला डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण वापरतात; जितका रंग उतरेल तितकी ताकद जास्त. पहिली बॅच त्यात टाकली तर रंग झरझर उतरला. रंग ज्या ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात, तिथला आकडा पाहून पेढे वाटले. पण ज्या प्रयोगशाळेने माल घेतला, तिने एकच प्रश्न विचारला : सेलेनाइट न घालता, नुसत्या आम्लात तेवढाच वेळ शिजवलेलं पेक्टिन तपासलं का? तपासलं नव्हतं. तपासलं, तर त्यानेही रंग बऱ्यापैकी उतरवला. आम्लाने साखळ्या तुटून आखूड होतात आणि त्याचाही परिणाम होतो. सेलेनियमचा स्वतःचा वाटा होता, पण आम्ही पेढे वाटले तेवढा नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरसोबत दोन बाटल्या जातात, एक सेलेनियमची आणि एक त्याच दिवशी शिजवलेली कोरी. दुसरीचे पैसे कशाला, असं काही गिऱ्हाइकं अजून विचारतात. त्यांना आम्ही दोन्हीचे आकडे समोर ठेवून दाखवतो, आणि तरीही घासाघीस करतात त्यांना चहा पाजतो.