४१३००१

संपादक मंडळाचं पत्र आलं, ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा म्हणून. स्नेहसंमेलन, सहली, टाकीमागचा अड्डा यावर बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार फक्त गणिताच्या सरांवर. नाव कशाला हवं? आठवी ‘ब’चे सर म्हटलं की पुरे.

एकदा तास चालू असतानाच टपाल आलं. सरांनी पाकिटावरचा आपल्या सोलापूरचा पिन फळ्यावर लिहिला, ४१३००१, आणि म्हणाले, “फोडा.” पिनकोड १९७२ साली आला, पण त्याचे अवयव पाडायचे असतात हे आम्हाला त्या तासाला कळलं. अंकांची बेरीज ९, म्हणून नवाने भाग गेला. उरले ४५,८८९, आणि गाडी अडली. सरांनी रांगांना मूळ संख्या वाटून दिल्या. सात, अकरा, तेरा करत १०७ पर्यंत सगळे हात हलवत परत. तेवढ्यात मागच्या बाकावरून आमचा पूर्व भागातला दोस्त ओरडला, “नूट तोम्मिदी!” वडील यंत्रमागावर, घरी तेलुगू, हिशेबही तो तेलुगूतच करायचा. १०९ गुणिले ४२१! सरांनी त्याला ‘मराठीत सांग’ म्हटलं नाही. १०९ लिहून खाली अशी रेघ ओढली की खडूच मोडला.

मग विभाजक मोजले, बारा. स्वतः संख्या सोडून बाकी अकरांची बेरीज १,९०,४५९, ४१३००१ च्या निम्मीही नाही. बेरीज संख्येहून कमी भरली की ती न्यून संख्या, असं सर म्हणताच वर्ग हिरमुसला. आपलं सोलापूर न्यून? त्यावर सरांनी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर काढले. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या, हे नाव त्यांचंच. आपला पिन हर्षद! घंटा झाली तरी कोणी उठेना. जाताना सर आणखी एक सोडून गेले: हीच संख्या दोन तऱ्हांनी दोन वर्गांची बेरीज आहे, एकदा ५७६ चा वर्ग आणि एकदा ३२४ चा वर्ग घेऊन जोडीदार शोधा. (२८५ आणि ५५५. रीत ब्रह्मगुप्ताची, हे मला कॉलेजात कळलं.)

आज मी पुण्यात संगणक सुरक्षेचं काम करतो. तिथल्या कुलपाच्या किल्ल्या म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार, सहाशेवर अंकांचा. तो फोडणं आजच्या संगणकांनाही जमत नाही. माझ्या हाताखालची पोरं हुशार आहेत, पण कागदावर भागाकार मांडायला सांगितला की माझ्याकडे बघत राहतात. शाळेतही आता डिजिटल फळा आलाय म्हणे. असो. त्यावर खडू मोडणार कसा?

मागे सरांना फोन केला. तब्येत विचारायच्या आत त्यांनी माझा पिन विचारला. ४११०३८, मी म्हणालो, कोथरूड. क्षणभर थांबून म्हणाले, “बेरीज सतरा. सतरानं भाग जात नाही. कशाला गेलास बे तिकडं?”