अल्यूट वल्ह्याची थरथर: माझा अनुभव

फळी कापणं, रंधा मारणं, घासणं हे सगळं आठवड्यात उरकलं. पाण्यात पातं थरथरायचं थांबवायला मात्र महिना लागला. त्याची चीड अजून गेलेली नाही, कारण चूक अगदी साधी निघाली.

वल्हं दोन पात्यांचं, अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरच्या उनांगन लोकांच्या धाटणीचं. अल्यूट हे नाव त्यांना रशियनांनी दिलं. तिथे झाडं जवळपास नाहीत, त्यामुळे समुद्रातून वाहत आलेल्या लाकडातूनच वल्ही आणि कयाकचे (अरुंद, हलक्या होडीचे) सांगाडे घडत. माझं वल्हं सीडरचं: लांबी 230 सेंमी, मधली दांडी 55, पातं 9 रुंद. दोन्ही पाती एकाच पातळीत. पात्याच्या एका बाजूला लांबट कणा, म्हणजे मधोमध जाणारा उंचवटा, दुसरी बाजू जवळजवळ सपाट.

कणा माझ्याकडे ठेवून ओढलं की पातं खालीवर हेलकावे खायचं. मी मूठ आवळली, तर थरथर मनगटात चढली. वल्हं उलटं धरलं, कणा पुढे. थोडं कमी झालं, पण थांबलं नाही. तसं धरणारेही आहेत, पण मला कणा आपल्याकडेच ठेवायचा होता. शेवटी जाडी मोजायचा कॅलिपर लावला. एका पात्यात कणा मध्यापासून 3 मिमी सरकलेला, आणि एक कड 5 मिमी जाड तर दुसरी 3. ओढताना पाणी दोन्ही कडांवरून आळीपाळीने सुटतं, तसं पातं वर-खाली ढकललं जातं. कणा आणि कडा बरोबर नसतील तर हे आणखी वाढतं. जाड कड छोट्या रंध्याने उतरवली, कण्याची एक उतरण खरवडून तो मधे आणला.

उरलेली थरथर वल्हं धरायची पद्धत बदलूनच गेली. अंगठा आणि तर्जनी दांडीभोवती सैल, बाकी तीन बोटं पात्याच्या मुळावर. पात्याची वरची कड किंचित पुढे झुकवायची, म्हणजे पाणी एकाच कडेवरून सुटतं. फार झुकवली तर पातं होडीखाली बुडी मारतं. हात छातीच्या खाली ठेवा, झटका नको. पातं पूर्ण बुडायच्या आत ओढलं तर हवा ओढली जाते आणि गुळगुळ आवाज येतो. तो आवाज बंद झाला की वल्हं नीट चाललं असं समजा.

दांडी अंडाकृती ठेवा, पुढे-मागे 3.8 आणि वर-खाली 3.2 सेंमी. अंधारातही पातं कुठे तोंड करून आहे ते तळव्याला कळतं. दांडीवर व्हार्निश नको, ओला हात सटकतो. जवसाचं तेल पुरे.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: फळीच्या चारही बाजूंवर पेन्सिलीने मध्यरेषा आखा. कणा उतरवताना ती रंध्याखाली गेली की पुन्हा आखा, शेवटच्या काचपेपरपर्यंत पुसू नका. मी ती दुसऱ्याच दिवशी घासून टाकली होती.