तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात बसून सॅक्रामेंटोची विधेयकं

“वकील आहेस, पण कोर्टात जात नाहीस. लॉबिस्टांचं काम करतेस, पण कुठल्या आमदाराला कधी भेटत नाहीस. मग रात्ररात्र जागून करतेस तरी काय?” सासरच्या मंडळींचा हा प्रश्न. लॉ कॉलेजातली मुलं तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारतात, “मॅडम, या कामाचं नेमकं स्वरूप काय?” लग्नाच्या पंगतीत मी “अमेरिकन कायद्यांचं संशोधन” एवढं सांगून जिलबीकडे वळते. इथे जरा सविस्तर सांगते.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात १२० आमदार आहेत, असेंब्लीत ८० आणि सिनेटमध्ये ४०. दर वर्षी दोन हजारांहून जास्त विधेयकं येतात. त्यातल्या बऱ्याच विधेयकांचा मसुदा वाटेत अनेकदा बदलतो. हे सगळं सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं, पण वाचायला वेळ कुणाला आहे? राजधानी सॅक्रामेंटोतला लॉबिस्ट, म्हणजे कुणाच्या तरी वतीने आमदारांना पटवणारा माणूस, दिवसभर विधिमंडळाच्या व्हरांड्यात असतो. त्याच्या संध्याकाळी सहाला आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात (उन्हाळ्यात, हिवाळ्यात साडेसात). तो प्रश्न पाठवून झोपतो, आणि उठेपर्यंत आमचा मेमो त्याच्या मेलमध्ये पडलेला असतो. स्वस्त मजुरी हे या धंद्याचं एक कारण आहेच, ते मी नाकारत नाही. पण घड्याळाचा हा फरक नसता तर धंदा इतका चालला नसता.

आमचे ग्राहक दोन जातींचे. लॉबिस्टला विधेयक कायदा होण्याआधी हवं असतं, म्हणजे ते कुठे अडकलंय, कोण विरोधात आहे आणि कुठला शब्द बदलला तर विरोध मावळेल. वकिलाला कायदा झाल्यानंतर, कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी, त्याच विधेयकाचा इतिहास हवा असतो. एखाद्या कलमाचे दोन अर्थ निघतात, आणि विधिमंडळाच्या मनात कुठला होता हे त्याला कोर्टात दाखवायचं असतं. कागद तेच, वाचणाऱ्याची घाई वेगळी.

“लॉबिंग म्हणजे शेवटी पैसे चारणंच ना?” हा पुढचा प्रश्न असतोच. आपल्याकडे साखर लॉबी, बिल्डर लॉबी हे शब्द ज्या सुरात उच्चारले जातात, तो सूर मलाही ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात १९७४ साली जनमत घेऊन कायदा झाला. लॉबिस्टने नोंदणी करायची, दर तिमाहीला हिशेब द्यायचा, आणि आमदाराला महिन्याला दहा डॉलरपेक्षा जास्तीची भेट द्यायची नाही. तेव्हा तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचं काम बघणारे) असलेले जेरी ब्राऊन म्हणत, दोन हॅम्बर्गर आणि एक कोक, बस्स. याचा अर्थ तिथे सगळे धुतल्या तांदळाचे आहेत असा नाही. निवडणूक निधीचा रस्ता मोठा आहे आणि तो कुठून कुठे जातो हे कुणापासून लपलेलं नाही. माझा मुद्दा एवढाच की लॉबिस्टच्या हातात देण्यासारखी सगळ्यात कायदेशीर वस्तू म्हणजे माहिती, आणि ती आम्ही पुरवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नव्या मुलांना वाटतं की आम्ही कायदे वाचतो. खरं तर आम्ही जे कायद्यात राहिलं नाही ते वाचतो. संकेतस्थळावर दुरुस्त विधेयक उघडलं की नवा मजकूर निळ्या तिरप्या अक्षरांत दिसतो आणि काढलेला लाल, आडवी रेघ मारलेला. मुलं निळं वाचत सुटतात. मी त्यांना लाल आधी वाचायला लावते.

यामागे कोर्टाचाच आधार आहे. १९६५ साली स्टेट बोर्ड ऑफ ऑप्टोमेट्रीविरुद्धच्या एका खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की मूळ विधेयकात असलेली एखादी तरतूद विधिमंडळाने काढून टाकली असेल, तर कायद्याचा अर्थ लावताना ती मागच्या दाराने परत आणता येणार नाही, आणि हा पुरावा फार वजनदार मानायचा. म्हणजे १२ एप्रिलच्या मसुद्यात असलेला आणि ३ मेच्या मसुद्यात नसलेला एक उपवाक्यांश कुणाचा तरी खटला जिंकून देऊ शकतो. तो शोधणं हेच आमचं काम. आणि त्याच्या पुढचं काम म्हणजे तो त्या तीन आठवड्यांत का गेला ते सांगणं.

ते कळतं नावांवरून. तिथे विधेयक समितीपुढे आलं की समितीचे कर्मचारी त्यावर टिपण लिहितात, आणि टिपणाच्या शेवटी पाठिंबा देणाऱ्या आणि विरोध करणाऱ्या संस्थांची यादी असते. सुनावणीत माणसं रांगेने माइकपाशी येतात, नाव, संस्था, ‘सपोर्ट’ किंवा ‘अपोज’ एवढं बोलून बाजूला होतात. ऐकायला कंटाळवाणं, पण याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या की मजा येते. पहिल्या टिपणात विरोधकांत एक मोठी संघटना असते, दुसऱ्यात नसते. ती पाठिंब्यातही आलेली नसते, नुसती यादीतून गेलेली असते. म्हणजे मधल्या काळात सौदा झाला. मग दोन्ही मसुदे उघडायचे आणि लाल अक्षरांत पाणी कुठे मुरलंय ते बघायचं. एकदा असं नाव गायब झालेलं दिसलं की मला चहाची आठवण राहत नाही.

मेलेल्या विधेयकांचं तर वेगळंच. लहान कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांना बाळंतपणानंतर, नोकरी शाबूत ठेवून, बिनपगारी रजा मिळावी असं एक विधेयक २०१६ साली गव्हर्नरपर्यंत पोचलं. त्याचं नाव एसबी ६५४ (एसबी म्हणजे सिनेट बिल), वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी, रजा सहा आठवडे. तोवर गव्हर्नर झालेले तेच जेरी ब्राऊन यांनी ते नाकारलं. नाकारताना त्यांनी लिहिलेल्या छोट्याशा पत्रात लहान धंद्यांवरच्या बोज्याची आणि खटल्यांची काळजी होती, आणि एक वाक्य असं होतं की दाव्याआधी मध्यस्थीची सोय करण्याचा विचार व्हावा. पुढच्या वर्षी एसबी ६३ आलं. रजा थेट बारा आठवडे झाली, पण पोटात मध्यस्थीचा प्रायोगिक कार्यक्रमही होता. ब्राऊन यांनी सही केली. २०२० साली एसबी १३८३ ने ती मर्यादा वीसवरून पाच कर्मचाऱ्यांवर आणली. ज्या लॉबिस्टने २०१६ चं विधेयक मेलं म्हणून फाइल बंद केली, त्याला २०१७ मध्ये धक्का बसला असणार. ज्याने ते नकाराचं पत्र नीट वाचलं, त्याला पुढच्या विधेयकाचा अर्धा मसुदा आधीच हातात मिळाला होता.

काही विधेयकांना पूर्वायुष्यच नसतं. तिथे ‘गट अँड अमेंड’ नावाचा प्रकार चालतो. विधेयकाचा क्रमांक ठेवायचा, आतला मजकूर सगळा काढायचा आणि भलत्याच विषयाचा घालायचा. पाटी जुनीच, दुकान नवं. अधिवेशनाच्या शेवटच्या तासांत असं काही घडलं की कुणाला वाचायलाही मिळत नसे. म्हणून २०१६ च्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रॉपोझिशन ५४ हा जनमताचा प्रस्ताव मंजूर केला. आता अंतिम मतदानाआधी विधेयक त्याच स्वरूपात ७२ तास इंटरनेटवर असावं लागतं. त्यामुळे गडबड थांबली नाही, फक्त तीन दिवस आधी सरकली.

सम वर्षांत तिथलं अधिवेशन ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री संपतं. २०२२ साली नेमकी त्याच दिवशी गणेश चतुर्थी आली. डायब्लो कॅन्यन या तिथल्या शेवटच्या अणुवीज केंद्राला २०३० पर्यंत चालू ठेवायचं आणि त्यासाठी वीज कंपनीला एक अब्ज चाळीस कोटी डॉलरपर्यंत कर्ज द्यायचं, असा करार एसबी ८४६ मध्ये होता. विधेयकाचा क्रमांक वर्षाच्या सुरुवातीचा, पण हा मजकूर संकेतस्थळावर आला तो रविवारी २८ तारखेला, मध्यरात्रीच्या जरा आधी. ७२ तास मोजून बघा. तिथली ३१ ची मध्यरात्र म्हणजे आमच्याकडे १ सप्टेंबरचे दुपारचे साडेबारा, दीड दिवसाच्या गणपतीचा विसर्जनाचा दिवस. सिनेटचं मतदान मध्यरात्र उलटल्यावर झालं. आमच्याकडे खिरापतीचं ताट तयार होतं, सासरे टाळ घेऊन उभे, आणि मी आतल्या खोलीत इयरफोन लावून हजेरीपटावरची नावं ऐकत होते. “तुझे आमदार उठले का गं?” असं सासरे दारातून विचारून गेले. तेव्हापासून घरात माझ्या क्लायंटांना ‘तुझे आमदार’ म्हणायची पद्धत पडली आहे.

जुन्या कायद्यांचं काम मात्र पडद्यावर होत नाही. विधेयकांची माहिती इंटरनेटवर टाकायला तिथे १९९३ पासून सुरुवात झाली. त्याआधीच्या कायद्यासाठी सॅक्रामेंटोतल्या राज्य अभिलेखागारातल्या पेट्या उघडाव्या लागतात, विधेयक मांडणाऱ्या आमदाराची फाइल, समितीची फाइल, जमलं तर गव्हर्नरची. तिथला आमचा माणूस स्कॅन करून पाठवतो, आणि आम्ही इथे पानांवर क्रमांक घालून अनुक्रमणिका करतो. कधी समासात पेन्सिलीने लिहिलेलं सापडतं. कधी स्वतः आमदाराचं पत्र सापडतं, ‘या कलमातून मला हेच म्हणायचं होतं’ असं स्वच्छ सांगणारं. नवखा संशोधक ते बघून नाचायला लागतो. पण २००५ च्या कॉफमन अँड ब्रॉड खटल्यात अपील कोर्टाने यादीच दिली आहे, कुठले कागद विधिमंडळाच्या हेतूचा पुरावा म्हणून चालतील आणि कुठले नाहीत. एका आमदाराचं मत म्हणजे सभागृहाचं मत नव्हे. ते पत्र बाकीच्यांच्या नजरेखालून गेलं होतं असं दाखवता आलं नाही, तर त्याचा उपयोग शून्य. उलट समितीचं रटाळ टिपण चालतं, कारण ते सगळ्यांपुढे होतं. म्हणून आमच्या अहवालात प्रत्येक कागदापुढे एक रकाना असतो: कोर्टात चालेल, वाद होईल, फक्त माहितीसाठी.

यापुढे आमची हद्द संपते. ‘कोर्टात तुमची बाजू जिंकेल’ असं आम्ही लिहीत नाही. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने २००८ सालीच सांगून ठेवलं आहे की वकिलाने काम बाहेर दिलं तरी देखरेख आणि जबाबदारी त्याचीच. अहवालावर आमचं नाव नसतं, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. एआयबद्दल विचारलंत तर, सारांश तो झकास करतो. पण २०२३ साली न्यू यॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. तेव्हापासून आमचे क्लायंट प्रत्येक वाक्यामागे पान क्रमांक मागतात. आमचं काम वाढलंच.

“मग हे आपल्याकडे का नाही?” हा प्रश्न मुलं विचारतात तेव्हा मला बरं वाटतं. कोर्ट आपल्याकडेही इतिहास बघतं. १९८१ च्या के. पी. वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या एका कलमाचा अर्थ लावताना अर्थमंत्र्यांचं लोकसभेतलं भाषण विचारात घेतलं. अडचण कागदांची आहे. आपल्या विधेयकाला ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेलं असतं, पण समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. जनसुरक्षा विधेयकाचंच बघा. २०२४ मध्ये मांडलेल्या मसुद्यात व्यक्ती आणि संघटना अशी मोघम भाषा होती. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मजकुरात कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असे शब्द आले. बाजू कुठलीही घ्या, उद्या कोर्टात ‘तत्सम’ म्हणजे कोण यावर वाद होणार. तेव्हा समितीत कोण काय म्हणालं, कुठली सूचना कुठल्या कारणाने फेटाळली, हे कुणाला तरी शोधावं लागेल. ते काम इथल्या वकिलांनी इथल्याच मुलांना द्यावं असं मला फार वाटतं. सध्या तरी असा क्लायंट माझ्याकडे आलेला नाही.

नोकरीसाठी येणाऱ्यांना मी एसबी ६५४ आणि एसबी ६३ चे मसुदे आणि ब्राऊन यांचं ते पत्र देते, आणि तासभर एकटं सोडते. पदवी कुठली, इंग्रजी किती सफाईदार, याने फारसा फरक पडत नाही. जो पत्रातल्या मध्यस्थीच्या वाक्याखाली रेघ मारून बाहेर येतो, त्याला दुसऱ्या फेरीला बोलावते.