आमची वाटचाल : आधी प्रोब, मग ॲप

वडिलांचं अलिबागेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. वाड्यांमधल्या विहिरींचे पंप हेच मुख्य काम. २००९ मध्ये किहीमच्या एका बंगल्यावरून फिल्टरचा पंप जळल्याचा निरोप आला. पंप बांधून मी बसवायला गेलो, तर पूल शेवाळाने हिरवागार झालेला आणि राखणदार अंदाजपंचे ब्लीचिंग पावडर ओततोय. मालकीणबाई म्हणाल्या, "पंप बघताच आहात, तर पाणीही बघा की." तिथून आमचं स्विमिंग पूल देखभालीचं काम सुरू झालं. आज मी, धाकटा भाऊ आणि हाताखालची सहा मुलं मिळून मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत चाळीसेक पूल सांभाळतो.

पहिली दहा वर्षं सगळा कारभार टेस्ट किटवर चालला. हात कोपरापर्यंत बुडवून पाणी घ्यायचं, कारण वरवरचं पाणी खरं सांगत नाही. एका नळीत पीएचसाठी, म्हणजे पाणी किती आम्ल ते बघायला, फिनॉल रेडचे थेंब, दुसरीत क्लोरीन बघायला डीपीडीची गोळी. मग नळ्या उजेडाकडे धरून रंग जुळवायचा. पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) मिळालं की वहीत लिहून पुढच्या बंगल्यावर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. सुरूची झाडं आडवी झाली, विजेचे खांब वाकले, झावळ्या आणि कौलांचे तुकडे पुलांत येऊन पडले. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे फिल्टर नाही. आठवड्याभरात एकेक पूल हिरवा पडत गेला. टाळेबंदीमुळे मालक मुंबईत अडकलेले. रोज फोन यायचे, "पाणी कसं आहे?" आणि आमच्याकडे सांगायला काही नसायचं, कारण रस्तेच बंद होते. पुढे मुंबईहून गाड्या घेऊन येणाऱ्या रो-रो बोटीमुळे शनिवार-रविवारी गाडी घेऊन येणारे वाढले, नवे बंगले झाले, आणि सगळ्यांची मागणी एकच : पाण्याचे आकडे फोनवर दिसले पाहिजेत.

पहिला स्मार्ट मॉनिटर, म्हणजे पाणी मोजून आकडे फोनवर पाठवणारं यंत्र, आम्ही ॲप बघून घेतला, हे सरळ कबूल करतो. आलेख देखणे होते, सूचना वेळेवर यायच्या. दीड वर्षाने पीएचचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडून मोजणारा भाग, भरकटायला लागला. विकणाऱ्याला फोन केला, तर प्रोब सुटा मिळत नाही, अख्खं यंत्र नवं घ्या म्हणाला. पीएचचा प्रोब ही मुळात झिजणारी वस्तू. काचेचा नाजूक फुगा असतो तो, कोरडा पडला तरी बिघडतो, आणि नीट जपला तरी दोन-एक वर्षांत थकतो. तो बदलता येत नसेल तर ते यंत्र घेण्यात अर्थच नाही. आमच्या ग्राहकाचे पैसे त्यात गेले, याची रुखरुख अजून आहे.

पण त्याहून मोठा धडा नागावच्या एका बंगल्यावर मिळाला. आठ बाय चार मीटरचा पूल, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे चाळीस हजार लिटर पाणी. ॲपवर ओआरपी, म्हणजे पाण्याची जंतू मारायची ताकद, ५६० मिलिव्होल्ट, लाल रंगात, खाली "क्लोरीन कमी". हवं असतं साधारण ६५० ते ७५०. मालक काका मुंबईहून राखणदाराला सांगायचे, "क्लोरीनच्या अजून दोन गोळ्या टाक." गोळ्या पडत राहिल्या, आकडा हलेना. मे महिन्यात नातवंडं आली आणि डोळे लाल करून बाहेर आली. शिडीवर तांबूस डाग होते, लाद्यांच्या फटींतला ग्राउट बोटाने खरवडला की वाळू हाताला लागायची.

मी किट लावलं. क्लोरीन ५ पीपीएमच्या वर, पीएच ६.८. मग सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हात टिकवणारं रसायन, मोजायची नळी काढली. तिच्या तळाशी काळा ठिपका असतो. औषध मिसळून गढूळ झालेलं पाणी हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा होईल तिथला आकडा वाचायचा. इथे पाणी सगळ्यात खालच्या खुणेला पोचायच्या आधीच ठिपका गडप झाला, म्हणजे आकडा पट्टीच्या बाहेर. निम्मं बोअरचं पाणी मिसळून पुन्हा बघितलं तर ६५ पीपीएम. म्हणजे खरा आकडा १३०, आणि पन्नासच्या वर आम्ही जाऊ देत नाही.

झालं होतं असं. राखणदार टाकत होता त्या टीसीसीएच्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही येतं. दोनशे ग्रॅमच्या एका गोळीने त्या पुलात ते अडीच-पावणेतीन पीपीएमने वाढतं. क्लोरीन उन्हात उडून जातं, हे मात्र पाण्यातच साठत राहतं, क्लोरीनला धरून ठेवतं, आणि ओआरपी खाली दिसतो. हे मॉनिटर क्लोरीन मोजतच नाहीत. ते पाण्याची मारक ताकद मिलिव्होल्टमध्ये मोजतात आणि ॲप त्याचं "क्लोरीन कमी" असं भाषांतर करतं. काकांना ते आम्ही समजावून द्यायला हवं होतं, दिलं नव्हतं. उपाय एकच, पाणी बदलणं. गोळ्या बंद केल्या, क्लोरीन उतरेपर्यंत थांबून पंचवीस हजार लिटर पाणी काढलं, आणि ऐन मे महिन्यात टँकरने तेवढं परत भरलं. त्याचं बिल आम्ही घेतलं नाही.

आता कोणी मॉनिटर निवडायला विचारलं की मी आधी प्रोबबद्दल बोलतो : सुटा मिळतो का, बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, बुडवून घरच्या घरी कॅलिब्रेट करता, म्हणजे त्याचा आकडा जुळवता येतो का. मग आकड्यांबद्दल. नुसतं हिरवं-लाल दाखवणारं यंत्र नको, मिलिव्होल्ट दिसलेच पाहिजेत. मोकळं क्लोरीन थेट मोजणारे सेन्सर असतात, पण ते महाग आणि त्यांची निगाही जास्त, घरच्या पुलाला मी सहसा सुचवत नाही. तरंगणारा घ्यावा की पाइपात बसणारा, हे बंगल्यावर अवलंबून. पोरं तरंगणाऱ्याचा चेंडू करतात. पाइपातला सुरक्षित, पण पंप बंद असला की तो फक्त पाइपात तुंबलेलं पाणी मोजतो, म्हणून पंप सुरू होऊन अर्धा तास झाल्याशिवाय त्याचा आकडा धरायचा नाही. पंपरूम बहुधा मागे काँक्रीटच्या भिंतीआड असते, तिथे वायफाय पोचतं का हे यंत्र घेण्याआधी फोन हातात धरून बघतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायलाच लावतो, वादळाने तेवढं शिकवलं आहे.

आणि किट सुटलेलं नाही. प्रत्येक पंपरूममध्ये वही टांगलेली आहे. दर शनिवारी मुलगा किटचा आणि स्क्रीनचा आकडा शेजारी शेजारी लिहितो. गेल्या शनिवारी त्याच नागावच्या बंगल्यावर किटने पीएच ७.४ दाखवला आणि स्क्रीनने ७.८. मुलाने प्रोब काढला, धुतला, ७ च्या बफरमध्ये बुडवून ठेवला, दोनदा कॅलिब्रेट करून पाहिला आणि मला फोन केला, "दादा, प्रोब थकलाय, नवा मागवा." मागवला आहे. मंगळवारी रो-रोने येईल.