परतीची गाडी कितीची?

आमच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. पुस्तक ठरवायचं काम माझ्याकडे आहे, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. चहा आला की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, पुस्तकांत तुम्हाला एकही धड माणूस सापडत नाही का हो?" मागच्या महिन्यात तर खिडकीजवळ बसणाऱ्या काकूंनी हिशेबच मांडला. "बायकोशी पटत नाही, बापाशी पटत नाही, एका जागी टिकत नाही. असल्यांत तुम्हाला काय एवढं दिसतं?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

मला आमचे भाऊकाका दिसतात.

भाऊकाका मुंबईला असायचे आणि गणपतीला गावी यायचे. पायरीवर चपला काढायच्या आधी माझ्या वडिलांना विचारायचे, "परतीची गाडी कितीची?" दरवर्षी तीच एसटी, तीच वेळ, आणि त्यांना ती पाठ होती. तरी विचारायचे. पिशवी पडवीतल्या खुंटीला टांगायचे, आत न्यायचे नाहीत. आई म्हणायची, "भावोजी, कपडे तरी घडवंचीवर ठेवा." ते म्हणायचे, "राहू दे वहिनी, निघायचंच आहे." निघायला अजून चार दिवस असायचे. आमची काकू लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी गेली ती परत आली नाही, आणि दोष तिचा नव्हता याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. काका प्यायचे, हात उचलायचे. माझ्या आजीने स्वतःच्या मुलाची बाजू एकदाही घेतली नाही. तरी त्यांच्या ताटातली खीर मात्र तीच वाढायची.

पुढे कॉलेजात 'सखाराम बाइंडर' वाचलं आणि पहिल्याच प्रवेशाला थबकले. तेंडुलकरांचं हे नाटक 1972 साली रंगमंचावर आलं, निळू फुले सखाराम होते; सेन्सॉर, हायकोर्ट हा सगळा गदारोळ तुम्ही ऐकला असेल. त्या गदारोळात नाटक मात्र बाजूलाच राहिलं, असं मला नेहमी वाटतं. नवऱ्याने टाकलेल्या लक्ष्मीला सखाराम घरी आणतो आणि उंबऱ्याच्या आत घेतल्या घेतल्या नियम ऐकवतो: असं वागायचं, असं बोलायचं, बाहेर कुणाशी सलगी नाही. आणि त्याच दमात हेही, की पटेनासं झालं तर मोकळं व्हायचं. जाताना लुगडं मिळेल, तिकिटाचे पैसे मिळतील. बाईने अजून चूल पाहिलेली नाही आणि तिच्या जाण्याची तजवीज झालेली आहे.

आता हा माणूस बापाच्या माराला कंटाळून लहानपणीच घरातून पळालेला. पुन्हा कुणी घराबाहेर काढायची वेळच येऊ नये म्हणून त्याने घराची मालकी, नियम, तिकीट सगळं आपल्या हातात ठेवलंय. मी त्याची वकिली करत नाहीये. तो लक्ष्मीला पट्ट्याने मारतो, आणि तो प्रसंग वाचताना कुठल्याही बालपणाची आठवण त्याच्या मदतीला येऊ नये. पण त्याच घरात लक्ष्मी एका मुंगळ्याशी बोलते. हसते, लाडाने रागावते. ते ऐकून सखाराम चरकतो, घरात आणखी कोण आलंय म्हणून. मला सगळ्या नाटकात हा तुकडा फार आवडतो. ज्या घरात माणसाशी मोकळं बोलायची सोय नाही तिथे बाईने मुंगळा गाठला, आणि घरमालकाला त्याचाही संशय!

गंमत बघा, बाई जाण्याचा नियम सखारामने केला होता. गेलेली बाई परत आली तर काय, याचा नियम केलाच नव्हता. लक्ष्मी परत येते, तोवर घरात चंपा नावाची दुसरी बाई आलेली असते, आणि एवढा गुरगुरणारा माणूस ढासळत जातो. शेवटी त्याच्या हातून चंपाचा जीव जातो. तो थिजून उभा राहतो आणि पुढचं सुचतं ते देवभोळ्या लक्ष्मीला. तिथे लक्ष्मीचीही भीती वाटते. खिडकीजवळच्या काकूंना मी हेच सांगणार होते, की त्या घरात धड असं कुणीच उरत नाही.

'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर मारहाण करणारा नाही. तो नुसता निसटतो. नेमाड्यांची ही कादंबरी 1963 मध्ये आली, आणि तेव्हापासून कॉलेजातली मुलं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'ची नक्कल करत आली आहेत, आम्हीही केली. नक्कल करताना कळलं नव्हतं की ते 'वगैरे' म्हणजे खुंटीला टांगलेली पिशवी आहे. म्हणायचं ते म्हणून टाकायचं आणि शेवटी एक शब्द असा ठेवायचा की हवं तेव्हा त्यातून काढता पाय घेता यावा. वडिलांचे पैसे उडवले वगैरे. पुण्यात काही जमलं नाही वगैरे. मग मनी, त्याची लहान बहीण, देवीने जाते. त्या पानांवर ही युक्ती अजिबात चालत नाही. मी ती पानं गटात मोठ्याने वाचायला घेतली होती आणि अर्ध्यावर पुस्तक शेजारच्या सरांच्या हातात दिलं.

बेलवलकरांचं मात्र बरोबर उलटं. 'घर देता का घर' सगळ्यांना पाठ आहे आणि 'नटसम्राट' म्हणजे नालायक मुलांची गोष्ट असंही आपण ठरवून टाकलंय. पण आप्पासाहेब सोबत राहायला कठीण आहेत हो! उभा जन्म टाळ्यांत गेलेला माणूस सुनेच्या स्वयंपाकघरातही त्याच आवाजात बोलणार. शारदेच्या जागी मी असते तर मीही दार आपटलं असतं. त्यांनी परतीचं तिकीट ठेवलंच नव्हतं, होतं ते सगळं आधीच वाटून टाकलं. भाऊकाकांनी हे नाटक पाहिलं होतं. "म्हातारा मूर्ख," एवढंच म्हणाले होते.

आणि बायका? श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (1977) आम्ही प्रोजेक्टर लावून पाहिला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर बेतलेला, स्मिता पाटीलचा. उषा एका घरातून दुसऱ्यात जाते. काळे नावाच्या जमीनदाराच्या वाड्यात तिला मालकीणबाईचा मान मिळतो, तो तिला आवडतोही, आणि एक दिवस कळतं की फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी लागते. सिनेमा संपल्यावर गटातल्या दोघा-तिघांनी तिला 'चंचल' ठरवलं. सखारामच्या वेळी हेच लोक "स्वभाव असतो एकेकाचा" म्हणाले होते. पुरुषाचा तो स्वभाव, आणि बाईचं लगेच चारित्र्य. त्या संध्याकाळी मी जरा तावातावाने बोलले, चहा गार झाला.

भाऊकाका शेवटच्या गणपतीला आले तेव्हा खूप खंगले होते. गाडीचं त्यांनी विचारलं नाही. माझ्या वडिलांनाच राहवेना, तेच म्हणाले, "उद्याची चारची आहे ना रे?" काका म्हणाले, "असेल." पिशवी त्याही वेळी खुंटीलाच होती. दुसऱ्या दिवशी वडील त्यांना स्टँडवर सोडून आले आणि दिवेलागणीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. थांब म्हणायला हवं होतं का, हे आमच्या घरात आजतागायत कुणी उघड बोललेलं नाही. थांबले असते तर चार दिवसांत घरात भांडण पेटलं असतं, तेही खरंच.

तर असं आहे. पुढच्या महिन्यात एखादा सज्जन माणूस आणायचं मी कबूल केलंय, शोध चालू आहे. खिडकीजवळच्या काकूंनी 'सखाराम बाइंडर'ला नाक मुरडलं होतं, पण जाताना प्रत घेऊन गेल्या. मुदत संपून तीन आठवडे झाले. ग्रंथपाल विचारतायत, मी म्हटलं, असू दे, दंड मी भरते.